लेप ओला आहे तोवर

दातांच्या डॉक्टरांचा अंगठा होता तिथे मी बराच वेळ बघितलं आणि म्हणालो, "हो, दिसला." डॉक्टर म्हणाले, "तिथे नाही हो. तिथे मी नुसती काठी धरलीय. बुडबुडा हा इकडे बघा, तिसऱ्या कडीच्या पायाशी." आवाजात राग नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात डोकावणारा माणूस, त्याला खोटं ऐकायची सवय असणार. रोज दोनदा दात घासतो म्हणणारे सगळे त्याच्याचकडे तर जातात. पण दारात ही उभी होती, पाण्याचा पेला घेऊन, आणि तिने सगळं ऐकलं होतं. डॉक्टर पाणी प्यायले, रविवारी भावाबरोबर तळ्यावर मासे धरायला जायचंय म्हणाले, शनिवारी संध्याकाळी काठी न्यायला येतो म्हणाले आणि गेले. हिने रिकामा पेला उचलला आणि आत गेली. ही सोमवारची गोष्ट. आज गुरुवार आहे आणि त्याबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही.

मी गळाच्या काठ्या तयार करतो. मासे पकडत नाही, पाण्याकाठी तासन्‌तास बसायचा मला कंटाळा आहे, पण काठी करता येते. निमुळत्या काठीवर दोरी ओवायला सात कड्या बसवायच्या. प्रत्येक कडीला दोन पाय असतात, ते रेशमी दोऱ्याचे वेढे घालून काठीला जखडायचे, आणि वेढ्यांवर इपॉक्सीचा, म्हणजे दोन औषधं मिसळून केलेल्या राळेचा, लेप द्यायचा. लेप वाळला की काचेसारखा होतो. त्यात हवा अडकली तर बुडबुडा, मोहरीच्या चतकोराएवढा. माशाला त्याचं काही नाही. पण बुडबुड्याच्या जागी कधीतरी तडा जातो, तड्यातून पाणी शिरतं, दोरा कुजतो, कडी हलायला लागते. आणि हे सगळं व्हायच्या कितीतरी आधी, काठी उजेडात धरून बघणाऱ्याला कळतं की हे करणाऱ्याचं लक्ष नव्हतं. किंवा डोळा नव्हता. त्यातही तिसरी कडी सगळ्यात वाईट. तिथे काठी एकदम बारीक होते आणि कडीचा पाय मात्र जाडच असतो, त्यामुळे दोऱ्याखाली बोगदा राहतो आणि हवा त्यात दडून बसते. लेप लावताना ती गप्प असते. लावून झाला, आपण ब्रश ठेवला, की हळूच वर येते.

दुपारचे साडेबारा झालेत. मागच्या खोलीचं दार मी आतून लावून घेतलंय. अठ्ठावीस वर्षांत हे दार दिवसा लागलं नव्हतं, त्यामुळे खिट्टी सरकवायला जोर लावावा लागला आणि तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असणार. तिकडे भांड्यांचा आवाज होत होता तो थांबला, मग पुन्हा सुरू झाला. आता ती काय समजली असेल, या विचारात मी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माझ्याच घरात, माझ्याच खोलीत, भर दुपारी मी एका पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या पावलांचा कानोसा घेत उभा होतो. तसं घर माझं म्हणायचं ते सवयीने. घर हिच्या वडिलांचं, अण्णांचं. खोली त्यांची, टेबल त्यांचं, ओला लेप ओघळू नये म्हणून काठी फिरवत ठेवायची मोटरसुद्धा त्यांनी घड्याळजीच्या दुकानातून उचलून आणलेली. काचेच्या कपाटात घड्याळं गोल फिरवत ठेवायची ती मोटर, मिनिटाला आठ फेरे. मी इथे आलो तेव्हा छापखाना बंद पडून घरी बसलेला नवा जावई होतो. अण्णा म्हणाले होते, "रिकामे बसू नका, डोकं सडतं. या, बसा इथे." आणि स्टूल पुढे सरकवलं होतं. त्यांच्या त्या स्टुलावर मी आता बसतो आणि पाय खाली टेकताना अजूनही एकदा दाराकडे बघतो.

राळेची आणि ती घट्ट करणाऱ्या हार्डनरची, दोन्ही बाटल्या कोमट पाण्यातून काढून पुसल्या. दोन सिरिंजा, एकीला लाल टेप, एकीला निळी. दोन्हीतून अगदी सारखं घ्यायचं, थेंबाचा फरक चालत नाही. फरक पडला तर लेप जन्मभर चिकट राहतो. सिरिंजेवरच्या रेघा मला मधूनच तुटलेल्या दिसतात, म्हणून मागच्या दांड्यावर ब्लेडने खाच पाडून ठेवलीय. नखाला खाच लागली की थांबायचं. ही युक्ती मला सुचली त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश झालो होतो. आता वाटतं, ती खाच म्हणजे माझ्याच सहीचा कबुलीजबाब होता आणि तो मी दोन वर्षं टेबलावर उघडा टाकला होता, कोणीही वाचावा असा. दोन वर्षांपूर्वी कोऱ्या काठ्यांचा एक गठ्ठा आला. वीस काठ्या. मी एकेक उचलून डोळ्यासमोर धरली आणि वीसच्या वीस वाकड्या निघाल्या, मधोमध किंचित पोक काढलेल्या. पाठवणाऱ्याला मी फोनवर नाही नाही ते बोललो. तो बिचारा म्हणत होता, "साहेब, टेबलावर ठेवून लोळवून बघा ना." मी म्हणालो, "मला शिकवू नका, हातच्या काकणाला आरसा लागत नाही." फोन ठेवला आणि मान वर केली तर समोरच्या दाराची चौकटही मधोमध वाकलेली होती. डावा डोळा मिटला तर जास्त वाकली. काठ्या लोळवून बघितल्या, त्या सरळ लोळल्या. मी गठ्ठा तरीही परत पाठवला, कारण ठेवून घेतला असता तर का ओरडलो ते सांगावं लागलं असतं. त्या माणसाने पुढे माझ्याशी संबंध तोडला. मी घरात सांगितलं, माल खराब द्यायला लागलाय.

तेव्हापासून उजव्या डोळ्याच्या मध्यावर एक डाग आहे. काळा नाही, धुरकट. तेलकट बोट काचेला लागावं तसा. मी जिकडे बघेन तिकडे तो आधी जाऊन बसतो. माणसाकडे बघितलं तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. डाव्यात तो या हिवाळ्यात आला. डोळ्यांच्या डॉक्टरांची पाटी आमच्या कोपऱ्यावरच आहे, म्हणून संध्याकाळी फिरायला जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जातो. दुखणं अंगावर काढणाऱ्यांना मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो. पण मला ठाऊक आहे की ते डॉक्टर एक शब्द उच्चारतील, आणि तो शब्द हवेत असेपर्यंत मी काठ्या करणारा माणूस आहे, कानात शिरला की नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर मूठ छान झाकली गेली होती. दोऱ्याचे वेढे घालायचं काम मान दुखते म्हणून मी हिच्याकडे दिलं. लेप मी हाताच्या सवयीने द्यायचो. आणि काम चांगलं होत होतं! दोन वर्षांत एक काठी परत आली नाही. उलट लोक म्हणायचे, लेप असावा तर असा. मी जेवताना हिला ऐकवायचो, "एकदा हात बसला ना, की बुडबुडा येतच नाही. डोळ्याचं काम नाही ते, हाताचं आहे." ती म्हणायची, "हो का? वाढू अजून?" आता ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

ढवळायला घेतलं. काडी गुळगुळीत धातूची, लाकडाची नको, लाकूड पोटात हवा धरतं. ढवळायचं म्हणजे घुसळायचं नाही. अण्णा म्हणायचे, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवतो तसं; काडी तळाला टेकवायची आणि वर न काढता गोल फिरवत राहायचं, तीन मिनिटं. टेबलावरचं चावीचं टायमर पंचविसावर पिळून ठेवलं. पंचवीस मिनिटांत दोन्ही औषधं एकमेकांत इतकी मुरतात की मग लेप हलत नाही. जे आत राहिलं ते आत राहिलं. टायमर टिकटिकायला लागला आणि बाहेर पावलं वाजली. सपाता. स्वयंपाकघर ते बैठक, बैठकीतून परत. मागच्या खोलीपर्यंत आली नाहीत. मी काडी फिरवत राहिलो.

सोमवारी डॉक्टर गेल्यावर मी बराच वेळ हिशेब मांडत बसलो होतो, दिवसांचा. ही काठी मी कधी केली? थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला ही गेली होती तेव्हा. पंधरा दिवस मी एकटा होतो आणि त्या पंधरा दिवसांत, हिने आधी दोरा गुंडाळून ठेवलेल्या, दोन काठ्या झाल्या. एक डॉक्टरांची. दुसरी कुठे लांब गेलीय, ती अजून परत आली नाही, पण तीही येणार. दोन वर्षांत एक बुडबुडा नाही आणि ही घरात नसताना लगेच बुडबुडा. हे दोन धागे मी मनात शेजारी शेजारी ठेवले आणि मग उठून टेबलाचा खण उघडला. बुडबुडे फोडायला आम्ही एक बारीक नळी वापरतो. तिच्यातून ओल्या लेपावर श्वास सोडायचा. श्वासाच्या उबेने वरचा पापुद्रा सैल होतो आणि बुडबुडा फुटतो. मी ती वापरतो, पण अंदाजाने, सगळीकडून थोडीथोडी, झाडांना पाणी घालावं तशी. नळीचं एक टोक चपटं झालेलं होतं. चावलेलं. दातांच्या खुणा बोटाला लागत होत्या. हे मी पूर्वीही बघितलं होतं आणि उंदीर समजून एकदा पिंजरासुद्धा लावला होता. उंदीर! किराण्याची यादी करताना पेन्सिल चावत बसणारी बाई पस्तीस पावलांवर असताना मी उंदराला पिंजरा लावला. लेप दिल्यावर त्याच्याकडे बघत बसू नये, नजरेने धूळ बसते, असं अण्णा म्हणायचे, म्हणून मी लेप दिला की अर्धा तास फिरायला जातो. तो अर्धा तास.

म्हणजे तिला माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. ती दोन वर्षं माझ्यासमोर बसून जेवली, चष्म्याचा नंबर वाढलाय का म्हणून एकदाच विचारलं, मी वसकन अंगावर गेलो, मग पुन्हा विचारलं नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशी म्हण आहे. इथे आंधळं दळत होतं आणि कोणीतरी मागून गुपचूप पीठ चाळून ठेवत होतं. एखाद्याला याचं बरं वाटलं असतं. मला भीती वाटली. इतकी, की मंगळवारी मी ती काठी घेऊन बसलो आणि डॉक्टरांनी दाखवलेल्या एका कडीचा लेप काढायच्या ऐवजी सातही कड्यांचा काढला, कारण बाकीच्या सहांत काय आहे ते मला दिसत नव्हतं. संध्याकाळी तिने ते बघितलं.

"सातही काढल्या?"

"हो मग. एकच नवी केली तर चमकेत फरक पडतो."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'ने मला रात्रभर छळलं. काल तिने सातही कड्यांना नवा दोरा गुंडाळला, दिवसभर मान खाली घालून, का म्हणून विचारलं नाही. दोरा संपला तेव्हा दाताने तोडला. त्या आवाजाने मी दचकलो, तर म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." माणूस एखाद्या गोष्टीची वाट बघत असला की इतका शांत राहू शकतो. ती शनिवारची वाट बघतेय असं माझ्या मनाने घेतलं. डॉक्टर येतील, काठी खिडकीशी धरतील, दातांच्या फटी बघायची भिंगं डोळ्यांना लावतील, ही पाणी घेऊन दारात उभी असेल, आणि मग बोलेल. आणि तिने बोलावं यात चुकीचं काहीच नसेल, कारण मी बोललो होतो.

ढवळून झालं. मिश्रण मी सपाट पत्र्यावर ओतलं. पसरलं की ढवळताना शिरलेली हवा आपणहून वर येते आणि फुटते. मी कान जवळ नेला, जसा काही त्याचा आवाज होणार होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या दिवशीही दुपार होती. एका जहाजावरचे कप्तान काठी न्यायला आले होते. मोठा माणूस, मोठा आवाज. मला शिकायला लागून आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत अण्णांच्या लेपात मला बुडबुडे दिसायला लागले होते, एखाद-दुसरा, पाच-सहा काठ्यांमागे. मी बोलत नव्हतो. मनात मात्र म्हणत होतो, याच माणसाला सगळे वस्ताद म्हणतात, आणि माझ्या हातचं काम मात्र कोणी वळून बघत नाही. अण्णांनी कप्तानांच्या हातात काठी दिली आणि म्हणाले, "बघा. पाण्यासारखा लेप." कप्तान म्हणाले, "वा." आणि मी, तीस वर्षांचा घोडा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मी म्हणालो, "तिसऱ्या कडीच्या पायाशी एक बुडबुडा आहे. मला काल लावतानाच दिसला होता."

लावतानाच. हा शब्द मी मुद्दाम घातला होता. माझा डोळा किती तीक्ष्ण आहे ते कप्तानांना कळावं म्हणून. अण्णांनी काठी परत घेतली, जवळ धरली, लांब धरली, अंगठा फिरवला. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला कळलं की त्यांना तो दिसत नाहीये. त्यांना काहीच दिसत नाहीये. ते म्हणाले, "असेल." मग अंगातला एप्रन काढला, त्याची चौघडी केली, स्टुलावर ठेवली आणि कप्तानांना म्हणाले, "जावयांचा डोळा चांगला आहे. यापुढे तेच बघतील." कप्तान मोठ्याने हसले, त्यांना वाटलं थट्टा चाललीय. अण्णा पुढे सहा वर्षं जगले आणि पुन्हा या खोलीत आले नाहीत. बैठकीत खुर्चीच्या हातावर एक बोट गोल फिरवत बसायचे, आणि एकदा मी मोजलं, मिनिटाला आठ. त्या दुपारीसुद्धा ही दारात होती, थोरलीच्या वेळचा सातवा महिना होता, हातात पाण्याचा पेला होता. तिने तो कप्तानांना दिला. तेव्हा ती काही बोलली नाही आणि अठ्ठावीस वर्षांत काही बोललेली नाही. मीही विषय काढला नाही. विषय काढला नाही की तो मेला असं मला वाटायचं.

ब्रश बुडवला. मोटर चालू केली. काठी फिरायला लागली आणि मी पहिल्या कडीपासून सुरुवात केली. ब्रश दोऱ्याला टेकवायचा आणि धरून ठेवायचा. काठी फिरते, ती हवं तेवढं स्वतः ओढून घेते. घाई केली की हवा शिरते. हाताला हे सगळं येतं. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीला मी जास्त वेळ थांबलो. मला दिसत होता तो धुरकट डाग, त्याच्या कडेला चमकणारी रेघ, आणि रेघ थरथरत होती, ती लेपामुळे की माझ्या हातामुळे ते कळत नव्हतं. चौथी, पाचवी. घाम कपाळावरून भुवईत आला. तो पुसता येत नव्हता, हाताला इपॉक्सी होतं. सहावी. सातवी. ब्रश ठेवला. टायमरमध्ये बारा मिनिटं उरली होती, त्याच्या आकड्यांवर मी बोट फिरवून बघितलं.

एरवी मी आता फिरायला गेलो असतो. आज गेलो नाही. दार लावून मी त्या काठीची राखण करत बसलो, आणि कोणापासून, तर हिच्यापासून. तिने आत येऊन गुपचूप बुडबुडे काढले तर शनिवारी मी वाचेन, आणि पुढचा प्रत्येक दिवस तिच्या फुंकरीवर जगेन. आली नाही तर शनिवारी मेलो. आली आणि बघून तशीच निघून गेली, बुडबुडा दिसूनही गप्प राहिली, मी राहिलो होतो तशी, तर? हे तिसरं मनात आलं. मी नळी उचलली. डाग मध्ये आला. मान वाकडी करून कडेने बघायचा प्रयत्न केला, तर खिडकी दिसली, मोटरची वायर दिसली, बघायचं होतं ते सोडून सगळं दिसलं. मोटर गुरगुरत होती. काठी फिरत होती, अंधारात फिरावी तशी, भर उजेडात. मला रडू येईल असं वाटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात नळी घेऊन.

दारावर टकटक झाली.

"अहो."

मी नळी खाली केली.

"दार का लावलंय? बरं नाही का वाटत?"

"लेप देतोय. धूळ येते."

"किती मिनिटं झाली?"

हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्याला औषध आळायला किती वेळ लागतो ते माहीत आहे तोच विचारतो. मी टायमरवर बोट फिरवलं. "दहा राहिलीत."

"मग उघडा लवकर," ती म्हणाली.

मी उठलो. खिट्टी पुन्हा अडकली, दोन्ही हात लावावे लागले, तिला इपॉक्सी लागलं. दार उघडलं. तिच्या चेहऱ्याच्या जागी धूर होता, कडेला पिकलेले केस आणि कानातला खडा. हात रिकामे होते, पेला नव्हता. ती माझ्या बाजूने आत आली, टेबलाशी गेली, कमरेत वाकली आणि काठीच्या फिरण्याबरोबर तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकली. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझी पाचावर धारण बसली होती. तिची मान थांबली.

"तिसऱ्या कडीच्या पायाशी," ती म्हणाली. "डाव्या अंगाला. एक बुडबुडा आहे."

मी डोळे मिटून घेतले. अठ्ठावीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. आता ते आलं होतं, शब्दाला शब्द, आणि मी कुठलातरी मोठा आवाज ऐकायच्या तयारीने उभा होतो, कप्तानांच्या हसण्यासारखा. आवाज झाला नाही. मोटर गुरगुरत राहिली, टायमर टिकटिकत राहिला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. शनिवारही नव्हता.

"उभे काय राहिलात? या ना. ओला आहे अजून."

मी जाऊन स्टुलावर बसलो. तिने खण उघडून नळी शोधली, ती माझ्याच हातात होती. "कुठे?" मी म्हणालो. हा शब्द तोंडातून काढताना मला जितका त्रास झाला तितका आयुष्यात कुठल्याच शब्दाने झाला नसेल. "मला दिसत नाही. कुठे आहे?" तिने माझं मनगट धरलं. तिचा हात ओला होता, भांडी घासून आलेली होती. तिने नळीचं टोक खाली आणलं, थोडं पुढे, थोडं मागे, आणि थांबवलं. "इथे. फुंकर नको मारू हं, नुसता श्वास सोडायचा," ती म्हणाली, आणि मला कळलं की ती हे माझ्याशी बोलत नाहीये, कारण मला ती कधी अरेतुरे करत नाही. हे तिला लहानपणी कोणीतरी सांगितलेलं होतं, जसंच्या तसं. मी श्वास सोडला.

"गेला?"

"थांबा. फिरून येऊ दे." काठी फिरून आली. "गेला."

मनगट तिने सोडलं नाही. मी म्हणालो, "किती दिवस काढतेयस माझे?"

"तुम्ही काठ्यांचा गठ्ठा परत पाठवलात तेव्हापासून. मी लोळवून बघितल्या होत्या त्या." मग म्हणाली, "अण्णांचेही काढायचे मी. लग्नाआधी दोन वर्षं, नंतरसुद्धा. ते फिरायला गेले की. मग तुम्ही शिकायला बसलात, दिवसभर खोलीत तुम्हीच. मला आत यायला मिळेना."

टायमर टिकटिकत होता. कप्तानांची काठी, तिसरी कडी; आदल्या दिवशी लेप ओला असताना मी याच स्टुलाशेजारी उभा होतो, बुडबुडा बघत, मनातल्या मनात खूश होत, आणि दाराबाहेर सातव्या महिन्यातली एक मुलगी मी खोलीतून कधी उठतो याची वाट बघत होती. मला काहीतरी बोलायचं होतं. "त्या दिवशी मी—" एवढंच म्हटलं.

"तुम्ही ओला असताना सांगायला हवं होतं त्यांना," ती म्हणाली. रागाने नाही. भाजी आणायची राहिली म्हणून सांगावं तसं. "आणि मीही. मला तर आधीपासून माहीत होतं. मी मुकाट काढत बसले, सांगितलं कधीच नाही, घाबरायचे. परत तेच करत होते तुमच्या बाबतीत. सोमवारी ते डॉक्टर बोलले ना, तेव्हा तुमचं तोंड बघितलं. अगदी अण्णांचं तोंड. म्हटलं, आता पुरे."

"मी पूर्ण आंधळा होईन," मी म्हणालो. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. खोलीत ते नुसतंच पडून राहिलं.

तिने 'नाही हो' म्हटलं नाही. मनगटावरची पकड जरा घट्ट झाली. तिचाही हात कापत होता, ते आता कळलं. इतका वेळ मी फक्त माझाच कंप मोजत होतो. "उद्या सकाळी जाऊ कोपऱ्यावर," ती म्हणाली. "अलीकडच्या फुटपाथने. किती राहिली मिनिटं?"

मी बोट फिरवलं. "सहा."

"मग बोलू नका आता. पाचवीला दोन आहेत."

तिने माझा हात उजवीकडे नेला. समोर धूर होता, धुरात कुठेतरी काठी फिरत होती. मी नळी तोंडात धरली. तिच्या दातांच्या खुणा माझ्या ओठांना लागल्या.

"सोडा," ती म्हणाली.